बिनपावतीची देणगी

मराठीत ‘देणगी’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एखादी मुलगी सुरेल गायली की आपण म्हणतो, ‘देवाची देणगी आहे हो तिला!’ आणि जुन्या शाळेच्या वर्गात छताकडे पाहिलं की पंख्याच्या पात्यावर रंगवलेलं दिसतं, ‘अमुक अमुक यांजकडून देणगी’. पहिली देणगी माणसाला मिळते, दुसरी माणूस देतो. पहिलीची पावती नसते. दुसरीची पावती असते, पाटी असते, आणि रक्कम मोठी असेल तर पाटी संगमरवरी असते.

कुठल्याही धर्माच्या प्रार्थनास्थळात पाट्या कुणाच्या लागल्यात ते पाहिलं, की तो समाज कशाला किंमत देतो याचा अंदाज येतो. चर्चही त्याला अपवाद नाही. बाक कुणी दिले, फरशी कुणी घातली, घंटा कुणाच्या स्मरणार्थ, हे लिहिलेलं सापडतं. पण चाळीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसणाऱ्या बाईची पाटी सापडत नाही. तिनं दिलं ते मोजायचं कसं, हे कुणाला ठाऊक नसतं.

गंमत अशी, की ख्रिस्ती शिकवण नेमकी याच्या उलट आहे. मराठी ख्रिस्ती माणूस अंगातल्या अशा देणग्यांना ‘कृपादानं’ म्हणतो. शिकवणं, धीर देणं, आजाऱ्याला बरं करणं, देवाचा संदेश सांगणं, कारभार सांभाळणं, मदतीला धावणं, ही सगळी कृपादानं. आणि ती धनसंपत्तीपेक्षा मोठी, असं प्रत्येक उपदेशक सांगतो.

ऐकायला छान वाटतं. पण तुम्ही स्पर्धापरीक्षेचं तिसरं वर्ष काढत असाल, किंवा घरातल्या एकट्या कमावत्या माणसाचा पगार दहा तारखेलाच संपत असेल, तर तुमच्या मनात शंका येणारच. पैसा महत्त्वाचा नाही हे सहसा कोण सांगतं? ज्याच्याकडे तो आहे, तो. मग ही शिकवण म्हणजे गरिबाला दिलेला खुळखुळा तर नाही ना?

ही शंका मला रास्त वाटते. पण शंका रास्त आहे म्हणून शिकवण खोटी ठरत नाही. माझ्या मते ती दोन अटींवर खरी ठरते. पहिली अट : तिच्यामुळे, ज्याच्या हातात काही नाही त्याला त्या समाजात बोलायची जागा मिळाली पाहिजे. दुसरी अट : पैशाकडे पाठ फिरवायची किंमत, पाठ फिरवणाऱ्यानं स्वतः चुकवली पाहिजे, ती दुसऱ्या कुणाकडून वसूल होता कामा नये. या दोन अटी मोडल्या, की कृपादान हीसुद्धा एक प्रकारची श्रीमंतीच होते, आणि जरा जास्त उद्धट.

हे तपासायला फार लांब जायला नको. मराठी मुलखातच त्याची उत्तम उदाहरणं आहेत.

दरेकसावरून गेलेली वाट

गोंदियाहून रायपूरकडे निघालेली गाडी आमगाव, सालेकसा करत दरेकसाला येते. गोंदिया जिल्ह्याच्या अगदी कडेला असलेलं, जंगल आणि डोंगर यांच्या कुशीतलं हे छोटं स्टेशन. इथून गाडी बोगद्यातून पलीकडे जाते, की बोरतलाव, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. म्हणजे महाराष्ट्र संपून छत्तीसगड सुरू.

दरेकसाजवळच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा इथं भरते, वेगवेगळ्या राज्यांतून लोक येतात. इथं सांगितली जाणारी कथा अशी : गुहेत मुलं कोंडलेली होती आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो यांनी त्या मुलांना सोडवलं, आणि ती शिळा हलली हिरासुका पाटारी यांच्या संगीताच्या बळावर. शिळा हलली तेव्हा तिच्याखाली सापडून हिरासुकांचा प्राण गेला. ही कथा गोंडांची आहे, तिला ओढूनताणून दुसऱ्या धर्माशी जोडायचं कारण नाही. पण तिच्यातला एक धागा इथं उपयोगी आहे. वाजवणाऱ्याच्या अंगातली देणगी दुसऱ्यांच्या सुटकेसाठी खर्च झाली, आणि तिची किंमत वाजवणाऱ्यानं स्वतः मोजली.

या डोंगरातून जाणाऱ्या वाटेनं १८९३ साली एक तिशीतला मराठी कवी राजनांदगावला निघाला होता. कामाच्या शोधात. नाव नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, संस्कृतचा व्यासंग, जिभेवर कविता, आणि एका जागी फार काळ न टिकणारा स्वभाव. गाडीत त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थानं त्यांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला आणि सांगितलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत अर्थातच हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले, ते थांबलेच.

त्या प्रवचनात पैशाबद्दल स्पष्ट बोललेलं आहे. कसर आणि गंज जिथं खातो तिथं साठवू नका. दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही. उद्याच्या अन्नवस्त्राची चिंता करत बसू नका. नोकरी शोधायला निघालेल्या माणसाच्या हातात हे यावं, हा योग पाहा!

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक काम करू लागले. ते मिशन १८३१ पासून तिथं होतं. शाळा होत्या, वसतिगृहं होती, परदेशातून येणारा पैसा होता. खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती कीर्तनंही होत होती. पण मराठी माणसाच्या ओठांवर सहज बसेल अशा भक्तिगीतांची भूक मोठी होती, आणि ती भूक परदेशातून येणाऱ्या निधीनं भागणारी नव्हती. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन घेतलं आणि त्यातून ख्रिस्ताला मराठीत आणलं. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची गीतं गायली जातात.

पैशापेक्षा देणगी मोठी म्हणजे काय, याचं हे पहिलं आणि सर्वांत सोपं उत्तर. काही गोष्टी पैशानं येतच नाहीत. पण तेवढ्यानं आपली शंका मिटत नाही. टिळक गरीब असतील, पण शिकलेले होते, नावाजलेले कवी होते. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याचं काय?

भांडण पंगतीवरून सुरू झालं होतं

कृपादानांची चर्चा मुळात कुठून सुरू झाली, हे पाहिलं की या प्रश्नाला धार येते. पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं, ते साधारण इ. स. ५०च्या दशकात. करिंथ म्हणजे दोन बाजूंना दोन बंदरं असलेलं, व्यापारावर उभं राहिलेलं रोमन शहर. नवा पैसा, नवी प्रतिष्ठा, आणि ती मिरवायची हौस. तिथल्या मंडळीत काही खाऊनपिऊन सुखी घरांतले लोक होते आणि बरेचसे कष्टकरी व गुलाम.

ही मंडळी एकत्र जेवत. पण ज्यांना काम नव्हतं, वेळ होता, ते आधी येऊन आपलं आणलेलं खाऊन घेत, पिऊनही घेत. दिवसभर राबून उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला काही उरत नसे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल यावर चांगलाच संतापतो. तुमच्याकडे जेवायला स्वतःची घरं नाहीत का, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, अशा आशयाचं तो विचारतो.

आणि लगेच पुढच्या अध्यायात कृपादानांचा विषय येतो. हा क्रम सहसा आपल्या लक्षात येत नाही, कारण उपदेशात अध्याय सुटे सुटे वाचले जातात. आधी पंगतीतला अन्याय, मग कृपादानं. पौल शरीराची उपमा देतो. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असं म्हणू शकत नाही. जे अवयव दुबळे वाटतात, ते तर अधिकच गरजेचे. म्हणजे मंडळीत ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्याजवळ असं काही आहे, जे नसेल तर सगळी मंडळी पंगू होईल. हे सांत्वन नाही. हा श्रीमंतांच्या मक्तेदारीवर घातलेला घाव आहे.

पण करिंथकर हुशार होते. त्यांनी कृपादानांनाच मिरवायची वस्तू केली. अनोळखी भाषांत बोलण्याचं दान ज्यांना होतं, ते स्वतःला वरचे समजू लागले. पैशाची उतरंड गेली आणि अध्यात्माची आली. म्हणून पौल पुढे दोन गोष्टी सांगतो. तेराव्या अध्यायात : प्रीती नसेल तर यातलं सगळं वाजणाऱ्या झांजेसारखं पोकळ. चौदाव्यात : ज्या बोलण्यानं दुसऱ्याची उभारणी होत नाही, ते सभेत आवरतं घ्या. दान कुणाकडे आहे याला त्याच्या लेखी महत्त्व नाही. ते कुणाच्या कामी येतं, एवढाच निकष.

स्वतः पौल तंबू शिवून पोट भरत असे. करिंथकरांकडून मानधन घ्यायचा हक्क असूनही त्यानं ते घेतलं नाही. देणाऱ्याच्या उपकाराखाली गेलं की जीभ जड होते, हे त्याला कळत असावं.

केडगावच्या मुली

आता आपल्या मुलखात परत येऊ. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी याच प्रांतात मोडत होता. पंडिता रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. या मुलींसाठी पुणे जिल्ह्यात केडगावला जागा उभी राहिली, तीच ‘मुक्ती’. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या लोकांची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळली नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. कुटुंबानं तीर्थामागून तीर्थं पालथी घातली, जवळचं होतं ते पुण्य म्हणून दानधर्मात घातलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीनं गेले. देवाच्या नावानं पैसा उधळला तर घरातल्यांच्या वाट्याला काय येतं, हे या मुलीनं सोळा-सतराव्या वर्षी पाहिलं होतं. म्हणून पैशाबद्दलची त्यांची वृत्ती आपल्याला खूप शिकवते. त्या पैशाला हलकं लेखत नव्हत्या. दीड हजार ताटं रोज भरायची तर धान्य लागतं, आणि धान्याला पैसे लागतात. त्यासाठी त्यांनी अमेरिकेत आधार उभा केला होता, मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. मुलगी आली की तिला हातात काहीतरी काम शिकवलं जाई. प्रार्थना करायची आणि विहीरही खणायची.

१९०५ साली मुक्तीत एक मोठी आध्यात्मिक लाट आली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, एकमेकींसाठी विनंत्या करत. काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास लिहिताना आज अभ्यासक केडगावचं नाव घेतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसला गाजलेली अशीच लाट १९०६ची, म्हणजे केडगावच्या नंतरची.

यावर श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला इथं दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या सभेत बोलत कोण होतं? बालविधवा, दुष्काळातून उचलून आणलेल्या अनाथ पोरी, घरानं टाकलेल्या बायका. त्या काळच्या कुठल्याही मंदिरात, मशिदीत, आणि बहुतेक चर्चमध्येही, त्यांच्या तोंडून चार शब्द ऐकायला कुणी थांबलं नसतं. धर्मशास्त्राची पदवी नाही, नवरा नाही, जमीन नाही, काहींना तर आडनावही ठाऊक नसेल. आणि त्या उभ्या राहून प्रार्थना करतायत, गावोगाव टोळ्या करून शुभवर्तमान सांगायला निघतायत. पहिली अट इथं पूर्ण होते. कृपादानानं तिथं बोलण्याचा हक्क वाटून दिला.

आणि करिंथची चूक? तीही टळली. अमुक एक दान मिळालं तरच आत्मा मिळाला, अशी सक्तीची परीक्षा रमाबाईंनी लावली नाही. स्वतः त्यांनी पुढची वर्षं कशात घालवली? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात. घरकाम करणाऱ्या बाईलाही कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली, ती मुक्तीतल्याच बायकांनी. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. एका बाजूला कुणाला न कळणाऱ्या भाषांचं दान, दुसऱ्या बाजूला सगळ्यांना कळेल अशी भाषा घडवायची वर्षानुवर्षांची मेहनत. दोन्ही एकाच अंगणात. पौलाला यातलं काय अधिक आवडलं असतं, याचं उत्तर त्याच्या चौदाव्या अध्यायात आहे.

हिशेब कुणी ठेवायचा?

दुसरी अट जास्त अवघड आहे, कारण ती घरात येऊन विचारते.

नारायण वामन टिळकांचा हात सैल होता. माणसं घरी आणायची, ठेवून घ्यायची, असेल ते देऊन टाकायचं. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले, आणखी कितीतरी जण राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि सातारला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. चर्चनं परदेशी पैशाच्या आधारावर उभं राहू नये, आपल्या मातीत रुजावं, हा त्यांचा ध्यास होता. ९ मे १९१९ला ते गेले. चरित्रात वाचताना हे सगळं उत्तुंग वाटतं.

पण या घराची दुसरी वही लक्ष्मीबाईंकडे होती. १९३४पासून ती ‘स्मृतिचित्रे’ या नावानं छापली जाऊ लागली. टिळकांच्या खिशातून पैसा कसा निघून जाई, आणि मग घरातला शिधा, मुलांची आजारपणं, पाहुण्यांची ताटं कशी निभावायची, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. कुठं रडगाणं नाही, नवऱ्याची बदनामी नाही. त्यांचं त्यांच्यावर प्रेम आहे, आणि त्यांच्या डोक्यातला वारा त्या पुरता ओळखून आहेत. तरी पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न उरतो. एकानं सर्वस्व देऊन टाकलं, तर त्या सर्वस्वात दुसऱ्याचा वाटा नव्हता का?

मला वाटतं, होता. माणूस स्वतःची पोळी देऊ शकतो. शेजारच्या ताटातली उचलून दिली, तर देणारा कोण म्हणायचं? टिळकांच्या त्यागाला हलकं ठरवायचा इथं हेतू नाही. त्या त्यागात दोन देणाऱ्या व्यक्ती होत्या आणि नाव एकाचं लागलं, एवढंच म्हणायचंय. लक्ष्मीबाई नुसत्या फरपटत गेल्या असंही नाही. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या निर्णयानं, आपल्या गतीनं. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी माणसं सांभाळली. पण ही कृपादानं आहेत, असं त्या काळी कुणी त्यांना म्हटलं असेल का? पौलाच्या यादीत ‘मदत करणं’ आणि ‘कारभार पाहणं’ ही दोन दानं स्पष्ट लिहिलेली आहेत. यादी वाचताना मात्र आपली नजर चमत्कारांवर जाते आणि ही दोन ओळीत हरवतात.

लक्ष्मीबाईंची सर्वांत मोठी देणगी तर फार उशिरा उजेडात आली. शाळेत न गेलेली ही बाई. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून काव्य पुरं केलं. आणि आज मराठी वाचक टिळकांची कविता जेवढी वाचतो, त्याहून अधिक आवडीनं ‘स्मृतिचित्रे’ वाचतो. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या दानशूरपणाचा हिशेब जुळवला, तिच्याच हाताला भाषेचं दान होतं. समाजाला ते दिसायला दोन पिढ्या लागल्या.

‘सेवा’ म्हणून कमी पगार

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर आजूबाजूला पाहा.

एका टोकाला मोबाइलवर दिसणारे उपदेशक आहेत. त्यांच्या मते श्रद्धा वाढली की गाडी येते, घर येतं, व्हिसा मिळतो. व्हिडिओच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतोच. बरं करण्याचं दान सांगितलं जातं आणि दान देण्याचं आवाहन होतं, एकाच दमात. इथं कृपादान पैशापेक्षा मोठं नाही, ते पैसा मिळवायचं यंत्र झालं आहे. अशा ठिकाणी गरीब विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट फार आवडीनं सांगतात. येशूनं तिचं कौतुक केलं, तुम्हीही द्या! पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधीच येशू विधवांची घरं गिळणाऱ्या धर्मपंडितांवर तुटून पडलेला आहे. दोन्ही एका श्वासात वाचा, म्हणजे कळेल की तिच्या नाण्यांकडे पाहताना त्याला फक्त आनंद झाला असेल, असं समजणं भोळेपणाचं आहे.

दुसऱ्या टोकाला जे आहे, ते अधिक सभ्य आणि म्हणून अधिक धोक्याचं. खेड्यातला प्रचारक, संस्थेच्या शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली आया यांना सांगितलं जातं, ‘ही नोकरी नाही, सेवा आहे.’ आणि पगाराचा विषय निघाला की वातावरण अवघडतं. ही सवय ख्रिस्ती संस्थांपुरती नाही. आश्रम, ट्रस्ट, सामाजिक संस्था, अगदी क्रांती करायला निघालेल्या संघटनासुद्धा हेच वाक्य वापरतात. सेवा करणाऱ्यानं पगार नाकारला तर तो त्याग. सेवा करून घेणाऱ्यानं पगार नाकारला तर ती चोरी. फरक इतका साधा आहे.

यात जातीचा प्रश्नही आहे. महाराष्ट्रातल्या, विशेषतः अहमदनगर भागातल्या ख्रिस्ती समाजातले बहुसंख्य लोक पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणजे धर्म बदलला म्हणून कागदावरचा हक्क गेला, आणि गावानं जात मात्र लक्षात ठेवली. अशा माणसाला सुखवस्तू घरातल्या कुणी ‘आत्मिक धन मोठं’ म्हणून शिकवायला जाऊ नये. त्यानं ते स्वतः म्हटलं तर ऐकावं. कारण त्याच्या तोंडी ते वाक्य विकत घेतलेलं नसतं, त्याची किंमत त्यानं भरलेली असते.

एक आक्षेप इथं येऊ शकतो. इतक्या अटी घातल्या तर मूळ शिकवणीत उरतं काय? पैसा हवाच, हक्क हवेच, पगार हवाच, मग ‘पैशापेक्षा मोठं’ ते काय राहिलं?

खूप राहिलं. पैसा लागणं वेगळं आणि पैशावरून माणसाची जागा ठरणं वेगळं. मुक्तीला पैसा लागत होता, पण तिथं कुणी बोलायचं हे पैशावरून ठरत नव्हतं. करिंथला धान्याची कमतरता नव्हती, कमी होती ती उशिरा येणाऱ्यासाठी थांबण्याची. दुसऱ्यासाठी थांबणं विकत मिळत नाही. मरणाऱ्याजवळ बसणं, दोन भावांतलं वैर मिटवणं, भांबावलेल्या पोराला नीट वाट दाखवणं, लोकांच्या ओठांवर बसेल असं गाणं बांधणं, यातलं काहीही बाजारात मिळत नाही. ज्या समाजात हे संपतं, तो समाज कितीही देणग्या गोळा करो, त्याच्याकडे शेवटी इमारत उरते.

त्यामुळे कुठल्याही मंडळीला, मग ती चर्चची असो, की तुमच्या वाचनकट्ट्याची, दोन प्रश्न विचारून पाहता येतील. तुमच्या सभेत सर्वांत गरीब माणूस शेवटचा कधी बोलला, आणि त्याच्या बोलण्यानं काही निर्णय बदलला का? आणि तुमच्यातला जो सर्वांत त्यागी म्हणून ओळखला जातो, त्याच्या घरच्यांना कुणी कधी विचारलंय का, की तुमचं कसं चाललंय?

पहिल्याचं उत्तर ‘आठवत नाही’ असेल, तर तिथं कृपादानांची गोष्ट कितीही भक्तिभावानं सांगितली जात असली, तरी किंमत अजून पैशालाच आहे. आणि दुसरा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल, तर त्याच्या घरी जाऊन तो विचारावा. चहा मिळेल, आणि बहुधा पुष्कळ काही ऐकायला मिळेल. ते ऐकून घेणं हेही एक दानच आहे, आणि त्याचीही पावती मिळत नाही.